प्रस्तावना : पाटीच्या आधी

ठाण्यात नवी इमारत पुरती उभी राहायच्या आत तिच्या तळमजल्यावर नर्सरीची पाटी लागते. पाटीवर फुगे असतात, हसरी कार्टून असतात, मोठी इंग्रजी अक्षरं असतात आणि बऱ्याचदा 'मॉन्टेसरी' हा शब्दही असतो. मॉन्टेसरीबाई इटलीच्या, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण बालशिक्षणातला आपल्या देशातला एक फार मोठा प्रयोग ठाणे जिल्ह्यात झाला, हे ठाण्यातच राहणाऱ्या किती आईवडिलांना माहीत असतं? १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला. तोवर, जिथे हा प्रयोग झाला त्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीला सरकारी कामासाठी ठाण्यालाच यावं लागे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जे काम केलं ते आपल्याच घरात झालेलं काम. आपण मात्र ते थोर स्त्रियांच्या चरित्रांत नेऊन ठेवलं आणि बालवाडी चालवायची वेळ आली की साधनांचा कॅटलॉग उघडला.

हे पुस्तक ठाण्यातल्या खोपट, उथळसर, राबोडी, पाचपाखाडी या भागांत बालवाडी किंवा अंगणवाडी चालवणाऱ्या ताईंसाठी आहे, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांसाठीही आहे. पुढच्या पानांत खेळ, गोष्टी, हातांची कामं, परिसरातल्या फेऱ्या असं बरंच काही आहे. त्या सगळ्यामागचा विचार एका वाक्यात सांगता येतो. लहान मूल ज्या परिसरात वावरतं तोच त्याचा अभ्यासक्रम असतो, आणि तो त्याच्या हाताला लागेल असा मांडून देणं हे ताईचं काम. हा विचार कुठून आला आणि खोपटसारख्या गजबजलेल्या वस्तीत तो कसा चालवायचा, एवढंच या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

सुरुवात रोममधून करावी लागेल, पण तिथे फार वेळ थांबायला नको. मारिया मॉन्टेसरी पेशाने डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कामकऱ्यांच्या वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. आईबाप कामावर गेले की पोरं जिने आणि भिंती खराब करतात, म्हणून इमारतीच्या मालकांनीच पोरं सांभाळायला जागा देऊ केली होती. म्हणजे आज ज्या नावावर भरमसाट फी आकारली जाते, ते काम सुरू झालं चाळीतल्या, दिवसभर मोकाट राहणाऱ्या मुलांसाठी. मॉन्टेसरीबाईंनी त्या मुलांना आधी न्याहाळलं. मूल एखाद्या कामात रमलं की कुणी हाक मारली तरी मान वर करत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि त्या रमण्याभोवती आपली साधनं रचली.

तो विचार इकडे आणला गिजुभाई बधेका यांनी. ते वढवाणला वकिली करत. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या प्रश्नापायी ते मॉन्टेसरींच्या लिखाणापर्यंत पोचले आणि अखेर वकिली सोडून बसले. १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. मुलांमध्ये इतके मिसळून गेले की लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई त्या काळच्या पदवीधर. राजकोटला शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद त्यांच्याकडे होतं. ते सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात मुलांबरोबर जमिनीवर बसल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. 'शिक्षणपत्रिका' गुजरातीत निघाली आणि पुढे ताराबाईंनी ती मराठीतही काढली. १९३६ मध्ये दादरला त्यांनी शिशुविहार काढलं आणि मराठी मध्यमवर्गाला बालमंदिर म्हणजे काय हे जवळून दिसलं.

दादरचं काम नावारूपाला आलं होतं. तिथेच थांबल्या असत्या तर कुणी बोल लावला नसता. पण वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ च्या अखेरीस, ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. अनुताईंचं वय तेव्हा पस्तीस. बालपणीच लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य, असं त्यांच्या वाट्याला आलेलं होतं. १९४५ च्याच मे महिन्यात त्याच पट्ट्यातले वारली गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. आईबाप सावकाराच्या शेतावर राबत होते तेव्हा त्यांची तीन-चार वर्षांची पोरं कुठे होती, हा प्रश्न ताराबाई आणि अनुताईंनी हाती घेतला.

पहिलाच धडा त्यांना मुलांनी शिकवला. केंद्र उघडलं, पण वस्तीतली मुलं काही येईनात. कपडे धड नाहीत, अंघोळ झालेली नाही, परक्या बायकांची भीती, आणि अशा ठिकाणी आपण जायचं असतं हे कुणी सांगितलेलंही नाही. मग या दोघी वस्तीत गेल्या. मुलांना अंघोळी घातल्या, नखं कापली, केस विंचरले आणि तिथेच झाडलोट करून अंगणात खेळ मांडला. ती अंगणवाडी. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जायचं, ही गोष्ट आज साधी वाटते. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशभरात ३३ प्रकल्पांनी सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज गावोगावी, वस्तीवस्तीत ज्या अंगणवाड्या आहेत त्यांचं एक मूळ बोर्डीच्या त्या झाडलेल्या अंगणात आहे.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे आणखी एक अडचण उभी राहिली. मोठी बहीण शाळेत येऊ शकत नव्हती, कारण कडेवर धाकटा भाऊ होता. तिला शाळेत आणायचं तर भावाचीही सोय लागणार. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली आणि त्या रचनेला विकासवाडी म्हटलं गेलं. गुरं राखणारी मुलं तरीही सुटतच होती. त्यांच्यामागे शिक्षक कुरणात गेले. गुरं चरतायत, तोवर शाळा चालू. ती कुरणशाळा. या प्रत्येक वेळी मुलाचा दिवस जसा होता तसाच राहू दिला गेला. बदलली ती शाळा. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं अनुताईंनी टेकडी सांभाळली. अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९९२ मध्ये त्याही गेल्या.

साधनांच्या बाबतीतही तेच. मॉन्टेसरींचे लाकडी ठोकळे, भोकांत बसवायचे दट्टे, गुलाबी मनोरा हे सगळं नेमक्या मापाचं आणि महाग. कोसबाडला ते परवडणारं नव्हतं. तिथे काय होतं? बांबू होता, चिंचोके, सागरगोटे, शंखशिंपले, माती, ताडाची पानं, दगडगोटे. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं त्यात होतंच. साधनांवरचा खर्च कमी झाला हा एक फायदा. त्याहून मोठा फायदा असा की बालवाडीत हाताळलेली वस्तू मुलाला घरी जाताना वाटेत पुन्हा भेटायची. सकाळी चिंचोके मोजलेल्या मुलाला संध्याकाळी चिंचेखाली तेच दिसायचे, आणि शिकणं तिथेही चालू राहायचं.

आता खोपट. इथे चिंचेची झाडं शोधावी लागतात, आणि पुष्कळ मुलांच्या घराला अंगण नाही, फार तर गॅलरी किंवा लिफ्टसमोरचा बोळ आहे. म्हणून काही ताई दुकानातून शंखशिंपल्यांची पाकिटं आणतात, प्लास्टिकची फळं आणतात आणि त्याला निसर्ग म्हणतात. कोसबाडची ही नक्कल झाली. कोसबाडची पद्धत पाळायची तर बालवाडीच्या दारात उभं राहून विचारायचं, इथल्या मुलाला रोज काय दिसतं? खोपटच्या मुलाला एसटीचा डेपो दिसतो. सिद्धेश्वर तलाव दिसतो. भाजीची गाडी, इस्त्रीवाला, पाण्याचा टँकर, गणपतीतला मांडव, मेट्रोच्या कामाचे पत्रे दिसतात. एवढ्या सामग्रीवर वर्षभराची बालवाडी सहज चालते.

डेपोचं उदाहरण पाहा. मुलांना रांगेत, दोरी धरून, डेपोच्या कडेपर्यंत न्यायचं. लाल गाडी किती मोठी, तिला किती चाकं, मागची चाकं जोडीने का असतात, हे बघायचं. गाडीच्या कपाळावर भिवंडी, बोरिवली, पनवेल अशा पाट्या असतात. चार वर्षांच्या मुलाला अक्षरं सुटी वाचता येत नाहीत, पण आत्याच्या गावाची पाटी त्याला आख्खी ओळखता येते. वाचनाचं दार तिथे किलकिलं होतं. परत आलं की खुर्च्या एकामागे एक लावून एसटी तयार. ड्रायव्हरच्या जागेसाठी भांडण होतं आणि ते मुलंच पाळी लावून मिटवतात. कंडक्टर गळ्यात पिशवी अडकवतो, बटणांचे पैसे घेतो, कागदाची तिकिटं फाडून देतो. दोन तिकिटांना दोन बटणं. एक घंटी वाजली की थांबायचं, डबल बेल दिली की निघायचं. एखादी मुलगी कडेवर बाहुली घेऊन चढते आणि ठणकावते, "हिचं तिकीट नाही लागत, ही लहान आहे." मोजणं, देणंघेणं, रांग धरणं, नियम आणि नियमातली सवलतसुद्धा, एवढं सगळं अर्ध्या तासात होऊन जातं. त्याला वर्कशीट लागत नाही.

तलावाचंही तसंच. कठड्याबाहेरून पाणी बघायचं, त्यावर काय तरंगतंय ते बघायचं, आणि बालवाडीत येऊन टब भरायचा. वाळकं पान, खडा, बूच, चमचा, खोडरबर. टाकण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, बुडेल की तरंगेल. अंदाज चुकला तरी बिघडत नाही. पुन्हा टाकून बघायचं. प्रयोगशाळा हा शब्द मुलं पुढे शिकतील, पण प्रयोग त्यांनी आत्ताच केलेला असतो.

यावर पालकांचा प्रश्न ठरलेला. "ताई, हे सगळं छान आहे हो, पण लिहायला कधी शिकवणार? शेजारचा साडेतीन वर्षांचा आहे, त्याची एबीसीडीची वही भरली." हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. पहिलीच्या प्रवेशाची धास्ती खरी आहे, इंग्रजी शाळेची ओढ खरी आहे, आणि आपलं मूल मागे पडू नये असं कुठल्या आईला वाटणार नाही? उत्तर प्रेमाने द्यायचं, पण ठाम द्यायचं, आणि ते हाताच्या शरीररचनेपासून सुरू करायचं. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यांतली निम्म्याहून अधिक अजून कूर्चेच्या रूपात असतात, हाड व्हायची असतात. त्या हाताला रेघोट्यांच्या मधोमध अक्षर बसवायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत आवळून धरतं, खांद्यापासून जोर लावतं, कागद फाडतं, आणि लिहिणं म्हणजे शिक्षा असं त्याच्या मनात बसतं. अंगठा आणि दोन बोटं यांची चिमूट आधी तयार व्हायला हवी.

ती तयार करायला मटारच्या शेंगांसारखं साधन नाही. थंडीत मटार स्वस्त होतो तेव्हा परातीत किलोभर शेंगा ओतायच्या आणि मुलांना भोवती बसवायचं. शेंगेचं टोक मोडायचं, शीर ओढायची, पोटावर अंगठा दाबायचा, फट पडली की आतून अंगठा फिरवायचा. मोठ्यांना हे आपोआप येतं. साडेतीन वर्षांच्या मुलाला त्यासाठी जीभ बाहेर काढून, श्वास रोखून झटावं लागतं. पहिल्या शेंगेतले दाणे उडून सतरंजीवर जातात. चौथ्या-पाचव्या शेंगेपर्यंत अंगठ्याला जोर किती लावायचा ते कळतं. मग कुणीतरी ओरडतं, "माझ्यात सात!" दुसरी म्हणते, "माझ्यात पाचच." तिसऱ्याच्या शेंगेत एक मोठा आणि तीन चिमुकले निघतात आणि तो सांगतो, "हा बाबा, ही बाळं." ताईने इथे काही शिकवायचं नसतं. फार तर विचारायचं, सगळ्यात जास्त दाणे कुणाच्या शेंगेत? मुलं मग रांगा मांडतात, एकाला एक लावून बघतात, भांडतात, पुन्हा मोजतात. सालं एका टोपलीत, दाणे दुसऱ्या पातेल्यात. दुपारी तेच दाणे उपम्यात पडतात आणि एरवी मटार वेचून बाजूला काढणारं पोर आज ताट चाटूनपुसून खातं, कारण ते त्याने सोललेले असतात. पालकांना हे एकदा बसून बघायला बोलवावं. वहीचा प्रश्न त्यानंतर कमी वेळा येतो.

भाषेबद्दल वेगळं सांगायला हवं. कोसबाडला मुलांची बोली वारली होती आणि शिक्षिकेची पुस्तकी मराठी. मुलाची बोली चुकीची ठरवली तर ते गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या मुलाला काय येतं ते कधीच कळत नाही. खोपटच्या एका वर्गात कोकणातलं मूल असतं, साताऱ्याकडचं असतं, घरी भोजपुरी बोलणारं असतं, कन्नड किंवा गुजराती बोलणारंही असतं. पहिल्या महिन्यात यांतल्या एखाद्या मुलाने 'पानी' म्हटलं तर ताईने पाणी द्यावं, आधी शब्द दुरुस्त करू नये. त्याच्या आजीला बोलावून तिच्या भाषेतली गोष्ट सांगायला लावावी. सगळ्यांना सगळं कळणार नाही, पण आपल्या घरचा आवाज वर्गात चालतो हे त्या मुलाला कळेल, आणि त्यानंतर ते मराठीही भराभर उचलेल. इंग्रजीची काळजी करणाऱ्या पालकांनाही हेच सांगायचं. जे मूल एका भाषेत भरभरून बोलतं, गोष्ट पुढे काय होईल हे सांगू शकतं, त्याला दुसरी भाषा जड जात नाही.

मग ताईने दिवसभर करायचं काय? मांडायचं, बघायचं आणि लिहून ठेवायचं. मांडणी आदल्या दिवशीच झालेली हवी. मुलं आल्यावर शोधाशोध केली की सगळं हातातून निसटतं. बघणं सर्वांत कठीण, कारण मूल अडखळलं की आपला हात आपसूक पुढे जातो. बटण लावायला त्याला पाच मिनिटं लागतात, आपल्याला पाच सेकंद. ती पाच मिनिटं थांबता आलं पाहिजे. आणि नोंद म्हणजे शेरा नव्हे. 'हुशार', 'मस्तीखोर', 'लाजाळू' असं लिहून काहीच कळत नाही. 'आज पहिल्यांदा स्वतःहून ठोकळे मागितले', 'डाव्या हाताने कात्री धरतो', 'गोष्टीतल्या वाघाला घाबरली पण ऐकायला थांबली', असं एक-एक ओळ लिहावं. महिन्याअखेरीस त्या ओळी वाचल्या की मुलाला पुढे काय द्यायचं ते आपोआप दिसतं.

हे सगळं सांगताना ताईची परिस्थिती विसरून चालणार नाही. एक खोली, तीसेक मुलं, वर पोषण आहाराच्या नोंदी, वजनाचे तक्ते, मोबाइलवरची माहिती, आणि हातात येणारं मानधन या कष्टांच्या मानाने फारच थोडं. खाजगी बालवाडीत पगार तुटपुंजा आणि सोसायटीची तक्रार की पोरं आवाज फार करतात. अशा जागी 'मुलांना मुक्त वाव द्या' असं नुसतं सांगणं सोपं आहे. म्हणून या पुस्तकातला प्रत्येक उपक्रम एका खोलीत, एका ताईला, फारसा खर्च न करता जमेल असाच निवडला आहे. जिथे मदतनीस लागते तिथे तसं लिहिलं आहे.

सरकारी धोरणानेही आता पुष्कळ अंशी हीच वाट धरली आहे, निदान कागदावर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळ हाच या वयातल्या शिकण्याचा मार्ग असल्याचं स्पष्ट म्हटलं. पण शिक्षणहक्काचा कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीच्या मुलाबाबत राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात राज्याने प्रयत्न करावा, एवढंच आहे. या दरीत कुठे अंगणवाडी आहे, कुठे महागडी नर्सरी, आणि कुठे काहीच नाही. धोरण वस्तीपर्यंत यायला वेळ लागेल. मूल मात्र तीन वर्षांचं एकदाच असतं.

पुस्तक वापरायचं कसं, तेवढं सांगून थांबतो. हे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत क्रमाने पार पाडायचं नाही. यातले उपक्रम खोपटचे आहेत. कळव्याच्या, मुंब्र्याच्या किंवा डोंबिवलीच्या ताईला डेपोऐवजी खाडी सापडेल, बाजार सापडेल. म्हणून जून उजाडायच्या आत एक काम करा. आपल्या बालवाडीच्या दारातून निघून दोनशे पावलं चाला, आणि वाटेत अधूनमधून खाली बसून, तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून, काय दिसतं ते वहीत लिहा. गटाराचं झाकण, मांजर, फुलवालीची टोपली, पायऱ्या, नळाची रांग, जे दिसेल ते. यादी झाली की पुस्तकातला उपक्रम घेऊन तिच्या शेजारी ठेवा आणि आमचं खोपट खोडून तुमचं गाव घाला.